मूर्ती लहान, आवाज महान

संगणक-सल्ला : वाचकांचे प्रश्न

नागपुरात मार्च ते जून संगणकाच्या आवाजाची तक्रार कोणी करत नाही. खिडकीतला कूलर घरघरत असतो, त्यापुढे बाकी सगळं गप्प. मग पहिला दमदार पाऊस होतो, कूलर बंद होतात आणि सीताबर्डीच्या माझ्या दुकानात लोक पिशवीतून डबे घेऊन यायला लागतात : "ताई, हा कायले एवढा बोंबलून राह्यला?" तो उन्हाळाभर बोंबलतच होता. ऐकू आता आला, एवढंच. यंदा पत्रंही त्याच सुराची आली आणि जवळपास सगळी लहान आकाराच्या संगणकांबद्दलची, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : मी आवाजाचं काम करते. ऑडिओबुक, जाहिराती, कधी शालेय धडे. डोंबिवलीत आमचं वन-रूम-किचन आहे, त्यामुळे माझा स्टुडिओ म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यामधली जागा. मोठा सीपीयू मावणार नव्हता म्हणून एक लिटरचा रिफर्बिश्ड डबा घेतला. आय५-८५००टी, १६ जीबी रॅम. चालतो छान, पण रेकॉर्डिंग सुरू केलं की पाच-दहा मिनिटांत पंखा चढतो आणि तो 'सूंऽऽ' माईकमध्ये येतो. नॉइज रिडक्शन लावलं तर माझाच आवाज घुसमटलेला वाटतो. दुकानदार म्हणतो, "एवढा आवाज असतोच." कुठला सायलेंट फॅन घेऊ? — डोंबिवली

उत्तर : कुठलाच नको. निदान आत्ता तरी.

तुमचा डबा साधारण १८ × १८ × ३.५ सेंटिमीटरचा. त्यात एकच चपटा ब्लोअर असतो, तो त्या-त्या मॉडेलसाठी घडवलेला असतो आणि बाजारातला १२० मिमीचा शांत पंखा तिथे कुठेच बसत नाही. मूळ कंपनीचा नवा ब्लोअर आणलात तरी तो तेवढाच ओरडेल, कारण ओरडण्याचं कारण तो नाही. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त फेरे मारावे लागतात, आणि फेरे वाढले की आवाज कसा वाढतो ते बघा : पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे पंखा बदलण्यापेक्षा त्याला कमी पळावं लागेल असं काही केलं, तर फायदा कितीतरी मोठा आहे.

तुमच्या पत्रातले "पाच-दहा मिनिटांत" हे शब्द माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे. काम सुरू करताच पंखा दचकून उठत असेल आणि लगेच खाली बसत असेल, तर प्रोसेसर टर्बोच्या, म्हणजे थोड्या वेळापुरत्या जादा वेगाच्या, उड्या मारतोय असं समजायचं. पण आवाज हळूहळू चढून वरच राहत असेल, तर उष्णता बाहेर पडत नाहीये. एकतर आत धूळ अडकलीय आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या, यांच्यामधला लेप) सुकलीय, किंवा कपाट आणि भिंतीच्या त्या फटीत डबा स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतोय. तुमच्या बाबतीत मला दोन्हींचा संशय आहे. रिफर्बिश्ड म्हणून विकताना बाहेरून पुसून, एसएसडी टाकून देतात. हीटसिंक उघडून पेस्ट बदलणारे फार थोडे.

तेव्हा आधी डबा उघडा. मागचा एक-दोन स्क्रू काढला की यातली बहुतेक झाकणं सरकतात. ब्लोअरची पाती बोटाने धरून ठेवा आणि मगच हवेचा फवारा मारा, नाहीतर ती हवेने भन्नाट फिरून बेअरिंगचा निकाल लागतो. हीटसिंकच्या तोंडाशी, जिथून हवा बाहेर पडते तिथे, धुळीची गादी साचलेली असेल. ती वरून दिसत नाही, पंखा बाजूला केल्यावर दिसते. ऑफिसात पाच-सहा वर्षं टेबलाखाली काढलेल्या यंत्रांत तर हमखास. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. हात धजत नसेल तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पण समोर बसून.

मग टर्बो. तुमचा प्रोसेसर ३५ वॅटच्या वर्गातला, मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ, टर्बोत ३.५ पर्यंत जातो. आवाज रेकॉर्ड करायला २.१ भरपूर झाले. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडून 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण ९९ केलं की टर्बो बंदच होतो. रेकॉर्डिंगसाठी असा एक वेगळा पॉवर प्लॅन करून ठेवा आणि एडिटिंगच्या वेळी पुन्हा १०० वर या. काही कंपन्यांच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडतात त्या सेटिंगमध्ये) पंख्यासाठी 'शांत' आणि 'थंड' असे पर्यायही असतात, तेही पाहा. रेकॉर्डिंगच्या वेळी ब्राउझर, क्लाउड सिंक आणि अपडेट बंद. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पाच-सात टक्क्यांच्या वर नाचत असेल तर कोण नाचवतंय ते शोधा.

एवढ्यावर आवाज बराच बसेल. उरलेला अंतराने आणि दिशेने मारायचा. तुमचा माईक कार्डिऑइड असेल (बहुधा असेलच) तर त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. माईकची पाठ डब्याकडे करा. आत्ता डबा स्क्रीनमागे, म्हणजे तुमच्या समोर असावा, पण नक्की बघा. बाजूला ठेवला असेल तर तो फायदा गेला. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने घटतो, खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी, पण घटतो. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत चालते आणि तुमच्या स्क्रीनला एचडीएमआयही तेवढी लांब चालेल. डबा कपाटाच्या पलीकडे, जमिनीपासून थोडा वर ठेवा. स्वयंपाकघरात नको, फोडणीचा धूर दोन महिन्यांत हीटसिंक चिकट करतो. माळ्यावरही नको, छताजवळची हवा घरात सगळ्यात गरम. आणि गोधडी भिंतीला लावा, डब्याला गुंडाळू नका. असं गुंडाळून आणलेले डबे मी पाहिलेत.

हे सगळं झाल्यावर काही न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड करून पातळी बघा. अ‍ॅमेझॉनच्या एसीएक्सवर ऑडिओबुक द्यायचं तर शांततेची पातळी उणे ६० डेसिबल आरएमएसच्या (म्हणजे सरासरी पातळीच्या) खाली लागते. इतरांकडे काम करत असलात तरी हाच आकडा डोळ्यासमोर ठेवायला चांगला. तिथे पोचलात की नॉइज रिडक्शन अगदी हलकं लावलं तरी पुरेल.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगला आहे. घर चंद्रपूरला, हॉस्टेल नागपूरला. नेता-आणता येईल असा छोटा पीसी बांधायचाय : मिनी-आयटीएक्स बोर्ड, रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि साधारण १० लिटरचं कॅबिनेट. त्यात कूलरला ५३ मिमी जागा आहे. मित्र म्हणतो लिक्विड कूलिंग घे, नाहीतर भट्टी होईल. बरोबर आहे का? — चंद्रपूर

उत्तर : भट्टीचं म्हणणं बरोबर, उपाय चुकीचा. १० लिटरमध्ये बसला तर १२० मिमीचा एक रेडिएटर बसेल. त्याचं पृष्ठफळ एका बऱ्या एअर कूलरपेक्षा फार जास्त नसतं आणि वर पंपाचा आवाज चोवीस तास फुकट.

आधी मापं. लहान कॅबिनेटमध्ये पैसे मापात चुकल्यामुळे जातात, निवडीत चुकल्यामुळे क्वचित. मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० × १७० मिमी. व्हिया कंपनीने हे माप २००१ साली आणलं आणि आजही तेच आहे. कार्डासाठी एकच स्लॉट, बहुधा रॅमच्या दोनच जागा, त्यामुळे पुढे वाढवू म्हणून आत्ता ८ जीबीची एकच पट्टी घ्यायची तर ठीक, पण ८-८ च्या दोन घेऊन दोन्ही जागा अडवू नकोस. ७६०० च्या खोक्यात कूलर फुकट मिळतो, तो ५४ मिमी उंच. तुझी जागा ५३. एका मिलिमीटरसाठी झाकण लागणार नाही, आणि दाबून लावलंस तर पंखा झाकणाला घासेल. ९२ मिमी पंख्याचे ४७ मिमी उंचीचे कूलर मिळतात, ते बघ. वर ६ मिमी फट राहते आणि ती वाया जात नाही. पंखा जाळीला अगदी चिकटून हवा ओढत असेल तर जाळीमुळे एक चिरका सूर निघतो, पाच-सहा मिलिमीटर अंतराने तो पुष्कळ मरतो. नॉक्टुआ कंपनीचा ३७ मिमीचा कूलरही चांगला आहे, पण तुझ्याकडे जागा असताना धातू कमी का घ्यायचा?

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, एसएफएक्स मापाचा लागेल : १२५ × १०० × ६३.५ मिमी. नेहमीचा एटीएक्स यात जात नाही. फ्लेक्स एटीएक्स नावाचा आणखी बारीक प्रकार स्वस्तात दिसेल. त्यात ४० मिमीचा पंखा असतो आणि रात्री तुझा रूममेट तुला बाहेर काढेल. मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या, केबलवालाच घे; वापरात नसलेल्या केबली कोंबायला इथे कोपरा नाही. कमी लोडवर पंखा बंद ठेवणारा मिळाला तर उत्तम. कार्ड घेताना लांबीच नाही, जाडीही बघ. दोन स्लॉटचं लिहिलेलं कॅबिनेट अडीच स्लॉटचं कार्ड घेत नाही. आणि पॉवरची केबल कार्डाच्या वरच्या कडेतून बाहेर येते, तिला वळायला जागा लागते हे विसरतात सगळेच. बारा-पिनवाली जोडणी असेल तर ती जोडणीपासून सुमारे ३५ मिमी सरळ राहिली पाहिजे, मुळाशीच मुरडायची नाही. कार्ड रायझर केबलवर (बोर्डाच्या स्लॉटला कार्ड जोडणाऱ्या चपट्या केबलवर) उलट्या बाजूला बसणारं कॅबिनेट असेल आणि स्क्रीन काळी राहिली, तर घाबरू नकोस. रायझर जेन ३ चा, म्हणजे जुन्या पिढीच्या वेगाचा, असेल तर बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर टाक.

आता चंद्रपूरचा मे महिना. तू ज्या चाचण्या बघतोस त्या बहुतेक २०-२५ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. खोली जेवढी तापेल तेवढाच प्रोसेसरही जवळजवळ अंशाला अंश वर जातो. २२ अंशांत ७५ दाखवणारा ४२ अंशांत ९५ च्या आसपास पोचेल, आणि ७६०० ची मर्यादाच ९५ आहे. पंखा तोवर पूर्ण वेगाने. मग तो कितीही नामी कंपनीचा असो.

म्हणून बांधल्याबरोबर दोन गोष्टी कर. ६५ वॅट म्हणून विकला जाणारा हा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढतो. बायोसमध्ये इको मोड निवडून त्याला ४५ वॅटच्या वर्गात बसव, म्हणजे मर्यादा ६० वॅटच्या आसपास येते. गेममध्ये फरक शोधावा लागेल, आवाजात शोधावा लागणार नाही. कार्ड ११५ वॅटचं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून बघ. वेग तेवढ्या प्रमाणात पडत नाही, शेवटच्या थोड्या वेगासाठी कार्ड खूप वीज जाळत असतं. दोनशे वॅटची उष्णता दीडशेवर आली की १० लिटरच्या डब्याचा स्वभावच बदलतो. तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग ठरवणाऱ्या आलेखात वाढीला काही सेकंदांचा उशीर दे, म्हणजे प्रत्येक क्लिकला तो फुत्कारणार नाही.

आणि खिडकीतल्या कूलरसमोर डबा ठेवू नकोस. हवा गार असते हे खरं, पण ओली असते, थेंब उडतात, खसची काडी-कचरा येतो. बाजूला ठेव.

प्रश्न : घरातले चाळीस वर्षांचे फोटो स्कॅन करून एका छोट्या पीसीत ३.५ इंची दोन हार्ड डिस्क टाकून ठेवले आहेत. डबा पुस्तकांच्या फळीवर आहे. पंखे चांगले आहेत, तरी रात्री एक खर्जातला घुमारा येतो, आणि तो कमी-जास्त होत राहतो. हिला झोप लागत नाही, मला मात्र ऐकूच येत नाही. — पुणे

उत्तर : काका, काकूंचं ऐका, त्या बरोबर आहेत. तुमच्या डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्या थरथरीचा १२० हर्ट्झचा सूर डब्याच्या पत्र्यातून फळीत उतरतो आणि प्लायवुडची ती लांब फळी तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी त्याला मोठं करते. दोन डिस्कचा वेग तंतोतंत सारखा कधीच नसतो, म्हणून दोन जवळजवळ जुळलेल्या तारांतून येतात तशी आंदोलनं येतात. तोच तुमचा कमी-जास्त होणारा घुमारा. पंखे बदलून हे जाणार नाही.

खात्री करायची तर डिस्क चालू असताना डबा दोन्ही हातांनी फळीवरून अलगद, आडवा-तिरपा न करता, वर उचला. आवाज गेला तर निदान पक्कं. मग डिस्क पत्र्याला स्क्रूने थेट आवळण्याऐवजी मध्ये रबरी वॉशर घाला आणि डब्याच्या चारही पायांखाली मऊ फोमचे जाड तुकडे ठेवा. कडक रबर उपयोगाचं नाही, दाबलं की दबलं पाहिजे. पण डिस्क फोममध्ये गुंडाळू नका. तिलाही उष्णता बाहेर टाकायची असते, आणि साधारण ६० अंश ही बहुतेक डिस्कची वरची मर्यादा.

माझं मत विचाराल तर दोन टेराबाइटमध्ये मावत असेल तर रोज उघडायचे फोटो २.५ इंची एसएसडीवर घ्या, ७ मिमी जाड असते, हलतं काहीच नाही. जुन्या दोनपैकी एक डिस्क बाहेरच्या खोक्यात घालून आठवड्याला बॅकअप घ्या आणि कपाटात ठेवा. दुसरी डिस्क मुलाकडे किंवा मुलीकडे, दुसऱ्या घरात. एकाच डब्यात दोन डिस्क म्हणजे दोन प्रती झाल्या असं मानू नका. चोर डबाच उचलून नेतो.

प्रश्न : मागे तुम्ही लिहिलं होतं की कॅबिनेटचं झाकण काढून ठेवू नये, हवेचा प्रवाह मोडतो. मी काढलं तर तापमान १२ अंशांनी उतरलं आणि आवाजही! तुमचा सल्ला चुकला की काय? — नांदेड

उत्तर : सल्ला कायम आहे, पण तुमच्या प्रयोगातून फार उपयोगी माहिती मिळाली. चांगल्या डब्याचं झाकण काढल्यावर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. १२ पडत असतील तर तुमच्या डब्याला श्वासच नाही. कुठे कोंडतोय ते शोधा : पुढचा भाग काचेचा किंवा सपाट पत्र्याचा आहे का, धुळीची जाळी बसलीय का, मागून बाहेर जाणारी हवा टीव्ही युनिटच्या पाठीला धडकून परत येतेय का. टीव्ही युनिट असेल तर सुतार अर्ध्या तासात मागच्या प्लायला वरच्या बाजूला हातभर लांब खाच पाडून देतो. सगळ्या उपायांत स्वस्त. आणि हो, झाकणावरचा विणलेला रुमाल काढा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो असतोच.

झाकण मात्र लावा. उघड्या डब्यात नांदेडची धूळ आणि पालीची पिल्लं, दोन्हींना आमंत्रण आहे.

प्रश्न : दुकानातलं बिलिंग आणि टॅलीसाठी पंखाच नसलेला एन१०० चा छोटा पीसी घ्यावा का? समुद्र जवळ आहे. — रत्नागिरी

उत्तर : घ्या. चार कोअर, ६ वॅटचा प्रोसेसर, टॅलीला पुरून उरेल. पंखा नाही म्हणजे खारी दमट हवाही आत ओढली जात नाही, तुमच्याकडे हा मोठा गुण. अंगाला मात्र तो चांगलाच गरम लागतो. ते बिघाडाचं लक्षण नाही, त्याचं कवच हाच त्याचा हीटसिंक आहे. त्यावर बिलबुक ठेवू नका, गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये कोंबू नका. पावसाळ्यात दुकान बंद असलं तरी अधूनमधून तासभर चालू करा.

प्रश्न : पंखा घरघरतो. शिवणयंत्राचं तेल घालून चालेल का? — सातारा

उत्तर : चालेल, महिनाभर. नवा पंखा येईपर्यंत. मोजून घ्या : पंख्याची बाजू, जाडी (१० मिमी, १५ मिमी, २५ मिमी) आणि पिना. बोर्डावर चार पिनांची जागा असेल तर चार पिनांचाच घ्या, वेगावरचा ताबा त्यानेच नीट मिळतो. आणि तेल एकच थेंब, जादा झालं की ते पातीवरून बोर्डावर शिंपडतं.

प्रश्न : गेम लोड होताना कार्डातून किणकिण येते, पंखे बंद असतानाही. भूत आहे का? — कल्याण

उत्तर : कॉइल आहे. कार्डावरच्या वेटोळ्यांतून वीज झपाट्याने कमी-जास्त होते तेव्हा त्या थरथरतात. धोका काही नाही. मेनूच्या पडद्यावर कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतं, तेव्हा जास्त ऐकू येतं. फ्रेमची मर्यादा स्क्रीनच्या ६० किंवा १४४ वर बांधा.

प्रश्न : गेल्या दसऱ्यापासून आमच्या ऑफिसातल्या छोट्या पीसीतून टकटकटक असा आवाज येतो. चालू करताना जास्त, मग थांबतो, पुन्हा येतो. — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : खंडेनवमीला पूजा केली असणार. वरच्या जाळीतून अक्षता आत गेल्यात आणि एखादा दाणा पात्यांत नाचतोय. वीज बंद करून, डबा उघडून, उलटा करून हलकेच झटका. पात्यांत अडकलेला दाणा चिमट्याने काढा. झेंडूच्या पाकळ्याही निघतील, त्या हीटसिंकच्या पट्ट्यांत वाळून चिकटतात. ओलं कुंकू आत गेलं असेल तर ते कापसावर अल्कोहोल घेऊन पुसा, पाणी नको. यंदा गंध-फूल झाकणाच्या पुढच्या बाजूला लावा आणि अक्षता समोरच्या ताटलीत वाहा.